आमच्या बांयचं पाणी आणि पंचायतीतले आठ महिने

सुरुवात वासाने झाली. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागून तिसरा दिवस, सकाळी सासूबाई तुळशीला पाणी घालायला म्हणून बांयवर, म्हणजे विहिरीवर, गेल्या आणि कळशी काठावरच ठेवून परत आल्या. "गो, उदकाक घाण येता," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं पाचोळा कुजला असेल, पहिल्या पावसात थोडं गढूळ होतंच, पण जाऊन घागर वर काढली, ओंजळीत पाणी घेतलं आणि हात लगेच झटकला. कुजलेल्या पानाचा वास वेगळा असतो. हा संडासाचा होता.

आम्ही गोव्यात फोंड्याला लागून असलेल्या एका गावात राहतो. गाव म्हणायचं कारण पंचायत आहे, बाकी आता शहर कुठे संपतं आणि आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, कुठे सुरू होते ते कळतच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा घराच्या मागे काजूंचं भाट, म्हणजे बाग, होती, मग प्लॉट पडले, मग बंगले आले आणि दोन वर्षांपूर्वी मागच्या बाजूला 16 फ्लॅटची बिल्डिंग उभी राहिली. पंचायतीचं नाव मी लिहिणार नाही, बिल्डरचंही नाही, मला कुणाला बदनाम करायचं नाहीये. काय काय करावं लागलं ते सांगायचंय, कारण पाऊस सुरू झाला की हाच त्रास होणारी चार-पाच घरं मला आमच्या आजूबाजूलाच माहीत आहेत आणि सगळी गप्प बसून पाणी उकळून पितात.

नळ आहे ना मग, असं खूप जणांनी विचारलं. आहे, ओपाचं पाणी येतं, खांडेपार नदीवरचं. पण पाइप फुटली, लाइट गेली, की दोन-दोन दिवस थेंब नाही, आणि एप्रिल-मे मध्ये तर विचारूच नका. तेव्हा सगळा वाडा आमच्या बांयवर असतो. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी खणलेली, चिऱ्यांनी, म्हणजे जांभ्या दगडाने, बांधलेली बांय, उन्हाळ्यात कधी आटली नाही. आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तर नैवेद्याचा स्वयंपाक बांयच्याच पाण्यावर, नळाचं पाणी त्या दिवशी चुलीपाशी येत नाही, ही आमच्या घरची पद्धत.

तर मी आधी सगळे करतात तेच केलं, वॉर्डाच्या पंचाला, म्हणजे पंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्याला, रस्त्यात गाठून सांगितलं. भला माणूस आहे, लगेच म्हणाला, "पळोवया वयनी," म्हणजे बघूया वहिनी. मी आठवडाभर वाट बघितली, परत सांगितलं, परत "पळोवया". जून असाच संपत आला, बांयवर झाकण टाकलं, सासूबाईंनी तुळशीला नळाचं पाणी घालायला सुरुवात केली आणि त्या दिवशी मात्र मला फार लागलं.

आमच्या शेजारी एक काका राहतात, मामलेदार कचेरीतून रिटायर झालेले, पूर्ण आयुष्य फायलींमध्ये गेलेला माणूस. त्यांनी मला अक्षरशः बसवून समजावलं की तोंडी सांगितलेलं पंचायतीच्या दृष्टीने घडलेलंच नसतं. अर्ज लिही, दोन प्रती काढ, एक तिथे दे आणि दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि इनवर्ड (आवक) नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नको. शेवटचं वाक्य ते दोनदा बोलले. मी प्राथमिक शाळेत शिकवते, दुपारी 1 नंतर मोकळी असते, दुसऱ्याच दिवशी गेले तर सेक्रेटरी नाहीत, त्यांच्याकडे दुसऱ्या पंचायतीचाही चार्ज आहे आणि आज तिकडचा दिवस. काउंटरवरचा मुलगा म्हणाला ठेवून जा, मी देतो. मी नाही ठेवलं. परवा परत गेले. तेव्हा त्याने अर्ज बघून इंग्लिशमध्ये द्याल का असं विचारलं, रागाने नाही, साहेबांना वाचायला बरं पडतं म्हणून. मी म्हटलं 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीसुद्धा सरकारी कामाला चालते, आम्ही घरात बोलतो कोकणी आणि लिहितो मराठी, गोव्यात बऱ्याच घरांत असंच आहे, तू हे घे. त्याने घेतलं आणि शिक्का मारला. त्या शिक्क्याचा फोटो मी तिथेच उभी राहून काढला.

अर्जात काय लिहायचं यावरही काकांनी माझा पहिला कागद फाडायला लावला होता. मी दोन पानं लिहिली होती, कसा त्रास होतो, म्हातारी माणसं आहेत, सणवार आहेत असं सगळं. ते म्हणाले हे सगळं खरं आहे पण यावर कोणी कारवाई काय करणार? मग तीनच गोष्टी ठेवल्या, वास कुठल्या तारखेपासून येतोय, संशय कशावर आहे, आणि पंचायतीने आरोग्य केंद्राला सोबत घेऊन जागेची पाहणी करावी ही मागणी. एक प्रत आरोग्य केंद्राच्या हेल्थ ऑफिसरना वेगळी दिली, तिचाही शिक्का घेतला.

आरोग्य केंद्रवाले लवकर आले, हे मला मुद्दाम सांगायचंय. चौथ्या दिवशी एक सॅनिटरी इन्स्पेक्टर आणि त्यांच्यासोबत एक वर्कर आले. त्यांनी काचेची एक छोटी बाटली दिली, अंगठ्यापेक्षा थोडी उंच, आत घडी घातलेला पिवळसर कागद. बाटलीवर रेघ होती, तिथपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि उबदार जागी ठेवायची. 24 ते 48 तासांत पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची शक्यता मोठी. मी ती बाटली चुलीशेजारच्या फळीवर ठेवली, रात्री 11 ला बघितली तेव्हा थोडी तपकिरी दिसत होती, सकाळी उठून बघते तर शाईसारखी काळी, आरपार काही दिसेना. सासूबाई आल्या, बाटली हातात घेतली, उजेडासमोर धरली आणि काही न बोलता परत ठेवली. बांयवर झाकण टाकायच्या आधी आम्ही सगळ्यांनी ते पाणी प्यायलेलं होतं, माझ्या मुलाचं पोट दोनदा बिघडलं होतं आणि मी त्याला बाहेरचं खाल्लंस म्हणून ओरडले होते.

लॅबला पाठवलेल्या सॅम्पलचा रिपोर्टही नंतर तसाच आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये असं आहे. थोडे चालतील असं नाही, अजिबात नाही.

ब्लीचिंग पावडर कशी टाकायची तेही त्या वर्करने शिकवलं आणि हे प्रत्येक बांयवाल्या घराला माहीत पाहिजे. आधी बांयत पाणी किती ते काढायचं, व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 3.14, भागिले 4, सगळं मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला 1000 ने गुणलं की लिटर. आमची बांय 3 मीटर रुंद, तेव्हा पाणी 5 मीटर, म्हणजे 35 हजार लिटरच्या थोडं वर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे आमच्यासाठी 88-90 ग्रॅम, पाणी खराब असेल तर जास्त लागते. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळ बादलीसकट दोरीने खाली सोडून पाण्यात हलवायची आणि निदान तासभर पाणी काढायचं नाही. मी केलं. पण त्यांनीच सांगितलं की बाई, येणारी घाण थांबत नाही तोपर्यंत ही पावडर म्हणजे रोज अंगण झाडण्यासारखं, झाड तिथेच आहे.

कारणही त्यांनीच समजावलं. आपला चिऱ्याचा दगड वरून कठीण दिसतो पण आत भोकाभोकांचा, पाणी त्याच्यातून चटकन वाहतं. उन्हाळ्यात भूजल खाली असतं तेव्हा सोकपिटातलं, म्हणजे संडासाच्या टाकीचं पाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्यातलं, पाणी जिरता जिरता निदान गाळून तरी जातं. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, भूजल एवढं वर येतं की सोकपिटाचा तळ आणि बांयतलं पाणी जवळजवळ एका पातळीवर. मग मध्ये गाळायला काही उरतच नाही. म्हणून दोन वर्षं उन्हाळ्यात काही जाणवलं नाही. पहिल्या पावसाळ्यात बिल्डिंगमध्ये दोनच कुटुंबं होती, दुसऱ्यात सगळे फ्लॅट भरले.

मग जुलैची ग्रामसभा. गोव्यात साध्या ग्रामसभा वर्षाला चार, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या कुठल्याही रविवारी, आणि खास ग्रामसभा चार, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि आपला मुक्तीदिन 19 डिसेंबर यांच्यानंतरच्या रविवारी. म्हणजे वर्षातून आठ वेळा आपल्याला तिथे उभं राहून बोलायचा हक्क आहे आणि मी लग्नानंतरच्या 14 वर्षांत एकदाही गेले नव्हते. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण खरं आहे.

सभा साडेदहाची, साडेदहाला हॉलमध्ये सतरा माणसं. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग परत सुरू, तोपर्यंत तीसेक झाली. बायका आम्ही पाच, त्यातल्या दोघी पंच. पहिला सव्वा तास रस्त्यावरच्या दिव्यांवर आणि कचरा गाडी कुठल्या वाड्यावर येत नाही यावर गेला, तेही महत्त्वाचंच आहे म्हणा. माझा विषय आला तेव्हा माझे पाय खरंच थरथरत होते, वर्गात चाळीस मुलांसमोर उभं राहणं वेगळं आणि इथे वेगळं. मी ती काळी बाटली पर्समध्ये रुमालात गुंडाळून नेली होती. बोलायला सुरुवात करायच्या आधी ती सरपंचांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, आमच्या बांयचं पाणी. हॉल गप्प झाला.

पुढची वीस मिनिटं गोंधळाची होती. एक जण उठून ओरडायला लागला की या बिल्डिंगवाल्यांना लायसन्सच द्यायला नको होतं, ते हांगाचे न्हय (इथले नाहीत), त्यांना काय पडलंय. टाळ्या पडल्या. आणि मला त्या टाळ्या आवडल्या नाहीत, कारण आदल्याच संध्याकाळी मी त्या बिल्डिंगमध्ये जाऊन आले होते.

ते आधी सांगायला पाहिजे होतं. काकांनीच सुचवलं, भांडायच्या आधी एकदा विचार तरी. तळमजल्यावर कोल्हापूरकडची एक वहिनी राहते, नवरा कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. मी बांयचं नाव काढल्याबरोबर ती मला हाताला धरून तिच्या बाथरूममध्ये घेऊन गेली. पाऊस आला की तिच्या संडासातून पाणी वर येतं, तिने दाराला खाली जुनी चादर गुंडाळून ठेवली होती, कारण पाणी हॉलमध्ये येतं. महिन्यात दोनदा सक्शनचा टँकर बोलावतात, पैसे सगळे मिळून भरतात, सोसायटी अजून झालेली नाही, बिल्डर फोन उचलत नाही. तिने चहा केला आणि चहा पिता पिता आम्ही दोघी एकाच टाकीच्या दोन बाजूंना राहतो हे आम्हाला कळलं.

म्हणून ग्रामसभेत मी सांगितलं की त्या घरांनाही तोच त्रास आहे, त्यांच्याविरुद्ध मी काही मागत नाहीये, सोकपिट कुठे आहे आणि ते मंजूर प्लॅनप्रमाणे आहे का एवढं पंचायतीने बघावं. वहिनीला बोलायचं होतं, ती माझ्याबरोबर आली होती, पण ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या पंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेले, आणि तिचं नाव अजून कागलच्या यादीत. तिला बसू दिलं, बोलू नाही दिलं. बिल्डिंगमधल्या तिघांनी मात्र नावं इथे आणली होती, त्यातल्या एकाने माझ्या ठरावाला अनुमोदन दिलं. ठराव काय झाला तर पंचायत, आरोग्य केंद्र आणि तक्रारदार यांची संयुक्त पाहणी 15 दिवसांत, आणि दोष आढळला तर बिल्डरला 30 दिवसांत दुरुस्तीची नोटीस. सूचक म्हणून माझं नाव. सगळ्यांनी हात वर केले.

मी घरी येऊन गोड केलं. घाई केली.

पंधरा दिवस गेले, पाहणी नाही. इनवर्ड नंबर घेऊन विचारायला गेले तर उत्तर, पंधरवड्याच्या बैठकीत विषय ठेवतो. ठेवला, पुढच्या बैठकीवर ढकलला. तोपर्यंत 15 ऑगस्टनंतरची खास ग्रामसभा आली. तिथे आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात, ते कायम करायला, आणि त्या वेळी बहुतेक लोक बाहेर उभे राहून बोलत असतात किंवा अजून आलेले नसतात. काकांनी मला सांगितलं होतं, तू त्या वेळी पहिल्या रांगेत बस. सेक्रेटरी भराभर वाचत होते आणि माझा विषय आला तो असा, "श्रीमती अमुक यांनी विहिरीच्या पाण्याबाबत तक्रार मांडली. यावर चर्चा झाली. लक्ष घालण्याचे आश्वासन देण्यात आले."

एवढंच. ठराव नाही, 15 दिवस नाहीत, 30 दिवस नाहीत, अनुमोदकाचं नाव नाही. वर केलेले सगळे हात कुठे गेले?

मी उठले. या वेळी पाय थरथरले नाहीत. माझ्याबरोबर आलेल्या शेजारच्या मुलीने जुलैच्या सभेत शाळेच्या वहीत सगळं उतरवून घेतलं होतं, कोण काय बोललं, किती वाजता, तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिला सवयच आहे. मी ती वही उघडून वाचून दाखवली. मग मागून एक जण म्हणाला मोबाइलवर रेकॉर्डिंग आहे, लावू का. सरपंच सेक्रेटरींकडे बघायला लागले, सेक्रेटरी म्हणाले हे शब्द गाळले गेले असतील, पुढच्या वेळी दुरुस्त करू. काका पहिल्यांदाच उठले आणि शांतपणे म्हणाले, इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही, दुरुस्ती आत्ताच होते. आणि झाली. सेक्रेटरींनी निळ्या पेनाने रजिस्टरमध्ये ठराव लिहिला, मी टेबलाजवळ उभी राहून बघत होते, "30 दिवसांच्या आत" लिहून झाल्यावरच जाग्यावर येऊन बसले. त्या दिवशी मला कळलं की ग्रामसभा हॉलमध्ये होते ती अर्धी, उरलेली अर्धी त्या रजिस्टरमध्ये होते, आणि तिथे फक्त एकच माणूस असतो.

चवथ त्या वर्षी नळाच्या पाण्यावर झाली. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची चौकट, बांधली, आरत्या झाल्या, घुमटं वाजली, सगळं झालं. नैवेद्याच्या पाण्यासाठी आम्ही माझ्या नणंदेच्या घरून, पलीकडच्या गावातून, दोन कॅन भरून आणले. सासूबाई त्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत.

दरम्यान मी आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाकला होता. 10 रुपये फी, पंचायतीचे सेक्रेटरीच माहिती अधिकारी असतात, त्यांना 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी मागितलं होतं बिल्डिंगच्या कन्स्ट्रक्शन लायसन्सची प्रत, ऑक्युपन्सी सर्टिफिकेटची, म्हणजे राहायला जायच्या परवानगीची, प्रत, सेप्टिक टँक आणि सोकपिट दाखवणारा मंजूर प्लॅन, आणि माझ्या अर्जावर आजपर्यंत काय कारवाई झाली त्याची नोंद. कोणाला टाकायचा असेल तर एक सांगते, का केलं, कसं चालतं असे प्रश्न विचारू नका, कागद मागा, कारण कायद्यात कागद द्यायची जबाबदारी आहे, कारणं द्यायची नाही. 28 व्या दिवशी उत्तर आलं. पानामागे 2 रुपये भरून लायसन्स आणि ऑक्युपन्सी मिळाली. प्लॅन "अभिलेखात आढळून येत नाही".

प्लॅन नसताना ऑक्युपन्सी कशाच्या आधारावर दिली हा प्रश्न माझ्या मुलालाही पडला, तो सातवीत आहे.

पहिलं अपील बीडीओकडे, म्हणजे गट विकास अधिकाऱ्यांकडे, उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत करायचं असतं. मी एका पानाचं अपील केलं. पहिल्या तारखेला पंचायतीकडून कोणी आलं नाही, दुसऱ्या तारखेला सेक्रेटरी आले. मी घाबरून गेले होते की वकील वगैरे लागेल, पण काही नाही, एक टेबल, तीन खुर्च्या, बीडीओंनी दोन्ही कागद वाचले आणि सेक्रेटरींना विचारलं, फाइल शोधायला किती दिवस पाहिजेत. दहा. लेखी आदेश झाला, दहा दिवस. नवव्या दिवशी पंचायतीतून फोन आला की प्लॅन सापडला, दुसऱ्या एका फाइलमध्ये लागला होता. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. मला प्लॅन हवा होता.

तो प्लॅन मी आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला आणि नवरा, काका, मी तिघेही वाकून बघत होतो. सोकपिट दाखवलं होतं प्लॉटच्या पलीकडच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला. आणि प्रत्यक्षात ते आमच्या कुंपणाच्या भिंतीला लागून आहे, त्याचं काँक्रीटचं झाकण मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, रोज दिसायचं. प्लॅनवरच्या जागी आता काय आहे तर चार गाड्यांचं पार्किंग.

यानंतर पाहणी आठवडाभरात झाली. सॅनिटरी इन्स्पेक्टर, सेक्रेटरी, आमचा पंच, बिल्डरचा सुपरवायझर, बिल्डिंगमधली माणसं, आम्ही. टेपचं एक टोक माझ्या हातात, बांयच्या काठावर धरलेलं, दुसरं टोक सोकपिटाच्या झाकणाशी. 11 मीटर. सेप्टिक टँकचं जे भारतीय मानक आहे, आयएस 2470, त्यात सोकपिट पिण्याच्या पाण्यापासून 18 मीटरच्या आत नको असं आहे. प्लॅनवरच्या जागेपर्यंत मोजलं तर 27 भरले, म्हणजे ज्याने प्लॅन काढला त्याने बरोबर काढला होता. सुपरवायझर म्हणाला तिकडे दगड लागला, खणणं कठीण होतं. पंचनाम्यात त्याचं म्हणणंही लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली, हे आमच्या पंचानेच करायला लावलं, तोच पळोवया म्हणणारा. त्या दिवशी तो खरंच आमच्या बाजूने उभा राहिला, हे मी विसरणार नाही.

नोटीस ऑक्टोबरच्या शेवटी निघाली, पंचायतीची वेगळी आणि आरोग्य केंद्राची सार्वजनिक आरोग्य कायद्याखालची वेगळी. दोन नोटिसा आल्यावर बिल्डरचा फोन लागायला लागला. नोव्हेंबरमध्ये काही झालं नाही, डिसेंबरच्या सभेत मी परत उठले, ठरावाचा नंबर आणि तारीख सांगितली आणि फक्त विचारलं, 30 दिवस कधी संपले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ब्रेकर आला. आठ दिवस दगड फोडत होते, खिडक्यांची तावदानं हलायची, पोरांच्या परीक्षा जवळ आलेल्या, तरी वाड्यावरच्या एकाही घराने आवाजाची तक्रार केली नाही. पार्किंगमधल्या दोन गाड्यांची जागा गेली, त्या दोन फ्लॅटवाल्यांनी कुरकुर न करता सोडली, हे सोपं नव्हतं. जुनं पिट उपसून, चुना टाकून, मातीने भरलं, मी शेवटच्या टोपलीपर्यंत उभी होते.

टाकी जुनीच आहे आणि ती 16 घरांना पुरते का हे अजून कोणी मोजलेलं नाही. तो अर्ज आता बिल्डिंगवाल्यांनी स्वतः दिलाय, सोसायटीच्या नावावर, इनवर्ड नंबरसकट. वहिनीने फॉर्म 8 भरून तिचं आणि नवऱ्याचं नाव इथल्या यादीत आणलं. एप्रिलच्या ग्रामसभेत ती बोलणार आहे, मला आत्तापासून विचारते काय म्हणू, कसं म्हणू.

बांय दोनदा पूर्ण उपसली, गाळ काढला, पावडर टाकली. क्लोरीन पूर्ण उतरू दिलं, मग फेब्रुवारीच्या शेवटी आरोग्य केंद्रातून परत एक बाटली आणली, तीच फळी, तीच जागा. 24 तास झाले, 48 झाले, पाणी तसंच. मी तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवली. लॅबचा रिपोर्टही मार्चमध्ये चांगला आला. पण खरी परीक्षा पाऊस लागल्यावर, भूजल वर आल्यावर, म्हणून जून आणि जुलैच्या दोन बाटल्या मी आधीच सांगून ठेवल्या आहेत.

सासूबाईंनी तुळशीला बांयचं पाणी घालायला सुरुवात केली आहे. पिण्याचं अजून उकळून घेतात, आणि मी पण त्यांना उकळू नका असं म्हणत नाही.